नारळांनी चेपलेला बंपर

माझ्या मामांच्या अँबॅसॅडरचा पुढचा बंपर अपघातात चेपलेला नाही. तो नारळांनी चेपलाय. कळंबच्या घरी, गोठ्याशेजारच्या पत्र्याखाली ती गाडी कैक वर्षं नुसती उभी होती. दर खंडेनवमीला माझा मामेभाऊ तिच्यावर पाइपानं पाणी मारायचा, बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक काढायचा, झेंडूचा हार घालायचा आणि बंपरवर नारळ फोडायचा. चाकाखाली लिंबूही ठेवायचा. गाडी हलली तर लिंबू चिरडणार ना! चाकांपाशी वाळक्या लिंबांचा ढीग साचला होता. तो बघितला की माझं डोकं फिरायचं.

याच गाडीतून मामा दर भाऊबीजेला जळोचीला आमच्याकडे यायचे. माझी आई त्यांची थोरली बहीण. वळणावर हॉर्न वाजला की ती ओवाळायचं ताट घेऊन ओट्यावर यायची. मग एके वर्षी गाडी बंद पडली आणि मामांचं येणंही बंद पडलं. तेव्हा ते रोज चालत उसाला पाणी द्यायला जात होते. गुडघे गेले ते नंतर. पुढं मामेभावानं स्वतःची मोठी पांढरी गाडी घेतली, पण भाऊबीजेला ती नेमकी त्याच्या सासुरवाडीला लागायची. "आत्याला फोन लावून देतो की, आबा," असं तो बापाला सांगायचा. आणि माझी आई मोबाइलला ओवाळायची. "आई, निरांजन फोनच्या फार जवळ नेऊ नकोस," हे मलाच सांगावं लागायचं. सांगताना अंगाची लाहीलाही व्हायची.

गेल्या वर्षीच्या खंडेनवमीला मी कळंबला होते. नारळ फुटला, सगळ्यांनी खोबरं खाल्लं आणि माझा तोल गेला.

"पूजा पुरे झाली. गाडी मला दे. बारामतीला नेऊन चालू करून आणते."

"आगं ताई, लक्ष्मी हाय ती. सणासुदीला लक्ष्मी दाराभाईर काढत्यात व्हय?"

"तुझ्या लक्ष्मीच्या सीटमध्ये उंदीर बाळंत झालेत. जरा वाकून बघ."

मामा खुर्चीवर बसून ऐकत होते. म्हणाले, "ने गं बाय. मला एकदा जळोचीला जायचंय. तुझी आई थकली, मीबी थकलो."

टोचन लावून गाडी बारामतीला आणली. मिस्त्रीनं बघितल्याबरोबर हात जोडले. "भंगारात घाला," म्हणाला. मी त्याच्याशीही भांडले. बॉनेट बरोबर स्वस्तिकाच्या जागी गंजून त्याची जाळी झाली होती. पायाखालची मॅट उचलली तर खाली कुजलेला पत्रा आणि झेंडूचा लगदा. पळून पळून झिजली असती तर एवढं वाईट वाटलं नसतं. ही धुवून धुवून सडली होती. कन्हेरीत एकाच्या शेडमध्ये तसलंच जुनं बॉनेट सापडलं, ब्रेकचं सामान पुण्याहून मागवलं. मिस्त्रीचं "उद्या या" ऐकत मी गॅरेजच्या स्टुलावर किती दुपारी काढल्या, ते माझं मला ठाऊक. बंपर मात्र बदलू दिला नाही. राहू दे म्हटलं पुरावा.

यंदाच्या भाऊबीजेला सकाळीच गाडी घेऊन कळंबला गेले. दारात फ्लेक्स लागला होता. त्यावर मामेभावाचा फोटो मोठा, गाडीचा लहान. मामांना फेटा बांधून, हार घालून खुर्चीत बसवलं होतं. गाडी थांबते न थांबते तोच मामेभाऊ नारळ घेऊन धावला.

"नारळ माझ्या डोक्यात फोड," मी ओरडले, "बंपरवर नाही."

तोवर त्याचे दोस्त आत बसलेसुद्धा. पुढच्या सीटवरच्यानं मोबाइल काढून शूटिंग सुरू केलं. "एक राऊंड मारून येतो ताई, मग आबांना बसवू," मामेभाऊ म्हणाला. मामा खुर्चीतून उठायला धडपडत होते आणि त्यांना हात द्यायला कुणी नव्हतं. "उतरा!" मी अशी किंचाळले की शेजारचे बाहेर आले. मुकाट्यानं उतरले सगळे. मामांच्या गळ्यातला हार काढून मी फ्लेक्सला अडकवला आणि त्यांना पुढच्या सीटवर बसवलं.

लासुर्णे गेलं, उसाचे ट्रॅक्टर मागे पडले. मामांचा हात सारा रस्ता डॅशबोर्डवर होता. जळोचीचं वळण आलं तसे ते माझ्या बाजूला झुकले आणि त्यांनी स्वतः हॉर्न दाबला. आई ताट घेऊन ओट्यावर आली. वाटलं, जिंकले.

मामांना पाटावर बसता येईना म्हणून खुर्ची दिली. आईनं ताटातलं निरांजन लावलं. मग म्हणाली, "एवढी वर्षं एस्टी बंद हुती का रं?"

हा प्रश्न मला एकदाही पडला नव्हता.

"गाडीवाला मानूस म्हनत्यात मला, आक्का," मामा पुटपुटले. "एस्टीनं कसं यायचं?" आणि त्यांनी मान खाली घातली.

आईनं हनुवटी धरून ती मान वर केली आणि कुंकू लावलं. जरा जोरातच.