ओलाउग आत्याचं जोतं

आत्या गेली त्याला महिना झाला. तिचं कुणी काही लिहून ठेवलं नाही, म्हणून हे लिहितेय.

ओलाउग आत्या नॉर्वेतल्या क्रिस्टियानसुंद बंदराच्या खडकावर मासे वाळवायची. खारवलेला मासा सकाळी उघड्या खडकावर पसरायचा, संध्याकाळी गोळा करून रास घालायची, वर लाकडी झाकण. मध्येच पाऊस आला तर सगळं टाकून पळायचं, कारण मासा भिजला की गेला. पाऊस कधी येणार ते मुकादम सांगायचा. मुकादम म्हणजे तिचा धाकटा भाऊ तोर्लाइफ, आमचे वडील. आभाळाचं त्यांना भारी कळायचं. आत्या बायकांना म्हणायची, "आमच्या तोर्लाइफनं झाका म्हणलं की झाकायचं. वर काय बघत बसायचं नाही."

मग चाळीस साली लढाईतली जर्मन विमानं आली. दिवसामागून दिवस बॉम्ब टाकतच राहिली, अख्खं गाव लाकडाचं, जळायला कितीसा वेळ. आत्याचं घर बंदराच्या वरच्या अंगाला होतं. नवरा समुद्रात बुडून गेल्यावर मासे धुऊन धुऊन हाताची सालं काढून तिनं ते घर राखलेलं. त्याचं दगडाचं जोतं उरलं आणि धुराडं. आमची भाड्याची खोली पलीकडच्या बेटावर, ती वाचली, म्हणून आत्या आमच्या स्वयंपाकघरात निजायची. जोत्याच्या आत राखेत तिनं बटाटे लावले. सगळी लढाई आम्ही पोरं तेच बटाटे खात होतो. विमानं परक्यांची होती, त्यांचं तिनं फारसं मनाला लावून घेतलं नाही. म्हणायची, जोतं आहे ना, मग घर होईल.

लढाई संपली आणि गाव नव्यानं आखायला घेतलं. वडील एक दिवस म्हणाले, "ताई, तुझ्या जागेवरनं रस्ता जाणार. कचेरीत ऐकून आलोय. हातात काही पडायचं नाही. त्यापेक्षा माझ्या नावावर कर, मी ओळखीनं तिच्या बदल्यात दोघांना मिळून दुसरीकडं जागा घेतो."

"रस्ता नक्की?"

"मी सांगतोय ना."

ते सांगतायत म्हणल्यावर ती कशाला वर बघते. करून दिलं. पोरं मोठी झाली, स्वयंपाकघरात अडचण नको म्हणून स्वतःच बराकीत राहायला गेली, जर्मन शिपाई मागं सोडून गेले होते त्यातल्या एका.

पुढच्या उन्हाळ्यात ती खडकावर मासे उलटत होती. समोर खाडीपलीकडं तिला आपलं जोतं दिसायचं. तिथं माणसं मापाची दोरी धरून उभी होती. रस्ता आला वाटतं, म्हणून शेवटचं बघायला ती होडीनं गेली. दोरीचं एक टोक वडिलांच्या हातात होतं आणि बटाट्याची रोपं उपटून बाजूला टाकलेली.

"रस्ता कुठाय?" आत्यानं विचारलं.

"खालनं गेला तो."

"कधी ठरलं?"

वडील दोरी गुंडाळायला लागले. "ताई, पाच पोरं आहेत मला. एका खोलीत किती दिवस काढू? वरची खोली तुला ठेवतो की."

"मला विचारलं असतंस तर मीच दिलं असतं, तोर्लाइफ."

"मग झालं तर. एकच ना ते?"

तिनं रोपं गोळा करून ओच्यात घेतली आणि परतीच्या होडीत बसली.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी खडकावर लख्ख ऊन पडलेलं असताना वडील ओरडले, "झाका." बायका धावल्या. आत्या उभीच. आधी वर बघितलं, मग समुद्राकडं.

शेजारची हान्सिने म्हणाली, "अगं चल की बाई, पाय रुतले काय तुझे? मुकादम बोंबलतोय."

"येऊ दे आधी."

"तो काय खोटं सांगतोय होय?"

"मला काय माहीत."

पाऊस आला. दुसऱ्या बायकांनी जमेल तेवढं आवरलं, पण आत्याच्या वाट्याचा सगळा मासा भिजला. मालकानं तिला दुसऱ्या दिवसापासून येऊ नको म्हणून सांगितलं. इतकी वर्षं त्या खडकावर काढलेली बाई.

संध्याकाळी वडील बराकीत आले. टोपी हातात, दारातच उभे.

"ताई, पाऊस येणारच होता. मी खरं सांगत होतो."

"सांगत असशील," आत्या म्हणली. "मला आता ते ओळखता येत नाही."

तिनं कॉफी दिली. ते उभ्यानंच प्यायले आणि गेले.

पुढं ती कारखान्यात हेरिंग मासे साफ करायला जायची, थंडीत बोटं फुटायची तिची. बराक पाडली तेव्हा पालिकेनं एक खोली दिली, तिथंच शेवटपर्यंत राहिली. आम्ही पोरं तिच्याकडं जायचो, आम्हाला काही कमी केलं नाही तिनं. वडिलांचं वाईट बोलली नाही, ते कसे आहेत हेही कधी विचारलं नाही. त्या जोत्यावर उभ्या राहिलेल्या आमच्या घरातली वरची खोली आई झाडून ठेवायची. तिथं कुणी निजायचं नाही.