गोल कोण मारते?

राळेगावच्या फाट्यावर एसटीची वाट पाहत होतो तेव्हा माझी बॅग शितलच्या डोक्यावर होती. शितल म्हणजे माझी धाकटी बहीण, माझ्याहून दीड वर्षानं लहान आणि चार बोटं उंच. मी म्हटलं, खाली ठेव ना. तर म्हणे, "धूळ लागते." माय आली नव्हती. दसरा होऊन गेलेला, कापसाची पऱ्हाटी फुटून वावर पांढरंधोप झालेलं, अशात एका पोरीला निरोप द्यायला अख्खं घर फाट्यावर कसं येणार? बाबा मात्र आले होते. पानटपरीवर कोणालातरी सांगत होते, "मोठी पोट्टी चालली नागपूरले. नेटबॉल खेळते. गोल मारते." मी दुसरीकडं तोंड फिरवलं. एसटी आली, शितलनं बॅग आत सरकवली आणि खिडकीशी येऊन म्हणाली, "पास उंच देत जाजो ताई. तू खालूनच फेकतं."

बस निघाली. मी मागं वळून पाहिलं नाही. जिवाला लाज वाटत होती, दुसरं काय.

आता ज्यांनी नेटबॉल पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगते. सात-सात जणींचा खेळ. चेंडू आपटायचा नाही, हातात घेऊन पळायचं नाही आणि तीन सेकंदांच्या आत दुसरीला द्यायचा. प्रत्येकीच्या छातीवर तिच्या जागेचं अक्षर असतं. माझं 'सी', म्हणजे सेंटर. सेंटरनं मैदानभर पळायचं, पण गोलाच्या खांबापुढं जे अर्धवर्तुळ आखलेलं असतं त्यात पाऊल टाकायचं नाही. गोल मारायची परवानगी दोघींनाच. आमच्या शाळेच्या टीममध्ये त्यातली एक शितल होती, आणि दुसरी नावालाच होती.

म्हणजे मी जन्मात कधी गोल मारला नव्हता. मला तो मारताच येत नव्हता, नियमानंच.

झालं असं. पीटीच्या सरांनी नागपूरच्या शिबिरासाठी आम्हा दोघींचीही नावं पाठवली आणि दोन्ही लागली. सर घरी सांगून गेले. त्या सांजेला आम्ही वावरात कापसाचं गाठोडं बांधत होतो. मायच्या कमरेला उसण भरलेली, बायका वेचायला मिळत नव्हत्या. बाबा बैलबंडीला टेकून उभे होते. मग म्हणाले, "दोघी गेल्या त वेचा कोण करन? एकच जाईन. गोल कोण मारते?"

बाबांनी आमची एकही मॅच पाहिली नव्हती. बिचाऱ्यांना न्याय करायचा होता. जी गोल मारते ती कामाची, एवढा साधा हिशोब.

"मी," मी म्हटलं. तीन सेकंदसुद्धा लावले नाहीत.

शितल समोरच होती. गाठोड्यावर गुडघा दाबून गाठ आवळत होती. तिनं वर पाहिलं नाही. बाबा म्हणाले, "मंग वर्षा जाईन," आणि बैल जुंपायला गेले. झालं एवढंच. त्यावर ती पुन्हा कधी एक शब्द बोलली नाही, मीही नाही.

माझं पहिल्यापासून असंच. माय म्हणायची, "या पोट्टीचं बूड काही एका जागी टेकत नाही बाप्पा!" जेवताना मी उभी, अभ्यासाला उभी, पाहुणे आले की मी अंगणात. नागपूरच्या होस्टेलात गेले तर आठ दिवसांत बंगलोरच्या शिबिराचे वेध. बंगलोरला गेले तर दिल्ली. हिंदी शिकले, थोडं कानडी शिकले, "एक्सक्यूज मी" म्हणायला शिकले. इंडियाची जर्सी मिळाली त्या दिवशी बाथरूममध्ये कडी लावून रडले. बाकीच्या मुली आनंदानं रडत होत्या. मला दिसत होतं ते गाठोडं.

परदेशातली माझी पहिली मॅच मोबाईलवर लाइव्ह दिसणार होती. हे कळलं तेव्हाच गाव काय करेल ते मला ठाऊक होतं. तसंच केलं त्यांनी. आमच्या ओसरीत सोयाबीनच्या पोत्याला मोबाईल टेकवून अर्धं गाव बसलं. आणि मी? मी चार क्वार्टर जिवाच्या आकांतानं पळाले, अर्धवर्तुळाच्या रेषेपर्यंत जायचे, चेंडू आत द्यायचे आणि परत फिरायचे. आम्ही हरलो. हरल्याचं दुःख व्हायला पाहिजे होतं ना? मला एकच भीती, आता बाबा काय म्हणतील. लाजेनं मी चार दिवस घरी फोनच केला नाही. पाचव्या दिवशी केला तर बाबा म्हणाले, "बम पळाली व तू!" आणि पावसाचं बोलायला लागले. गोलाचं नावही काढलं नाही. हे मला शिव्यांपेक्षा जड गेलं.

आता दुबईत असते. गुडघ्याचं ऑपरेशन झालं तसं खेळणं सुटलं, इथल्या एका शाळेत मुलींना नेटबॉल शिकवते. ऊन यवतमाळचंच आहे, फक्त सावली एसीची. सुपरमार्केटात तुरीची डाळ मिळते, भिवापुरी तिखट मात्र गावाहून मागवावं लागतं. इतक्या वर्षांत नऊ खोल्या बदलल्या. नव्या खोलीत सामान लावलं की दोन महिन्यांत भिंती अंगावर येतात. रूममेट केरळची आहे, ती म्हणते, तुझी सूटकेस कायम अर्धी भरलेलीच का असते? मी म्हणते, सवय. पण सवय नाही ती. कुठंही बसले की वाटतं, ही जागा दुसऱ्या कोणाची आहे, ती येईल आणि म्हणेल, ऊठ.

या दिवाळीला गेले. शितल शेजारच्याच गावात दिलेली आहे, तीही माहेरी आली होती. दोघी वावरात वेचायला गेलो. मला दहा बोंडं होईतो तिची अर्धी ओटी भरलेली. मधे तासभर मी नुसती तिच्या मागं मागं. शेवटी विचारलं. इतकी वर्षं अडकलेलं बोलून टाकलं: "त्या दिवशी तू बोलली काहून नाही?"

तिचे हात थांबले नाहीत. "काय बोलू? तू बोलून बसलीती न."

"आणि ती मोबाईलवरची मॅच? बाबांनी कसं काही विचारलं नाही?"

"इचारलं न. मले इचारलं. म्हणे, हे पोट्टी गोलापाशी जाऊन वापस काहून येते?" आता ती हसायला लागली. "म्या म्हटलं, बाबा, मोठा खेळाडू झाला की सोता गोल मारा लागत नाही. थो दुसऱ्याकून मारून घेते. म्हातारा खूश! तईपासून गावभर तेच सांगून राह्यला."

मीही हसले. हसता हसता मला हुंदका आला, आणि मी मधेच पऱ्हाटीत मटकन खाली बसले. मी म्हटलं, "शितल, तुझी जागा होती ती. मी चोरली. तुला राग नाही आला कधी?"

"येते न. काहून नाही येणार?" ती सरळ म्हणाली. "तुया फोटो पेपरात आलता तई दोन दिवस जेवली नाही मी. अजूनबी येते कधी कधी. वेचता वेचता येते, वेचता वेचता जाते."

मला वाटलं होतं ती म्हणेल, जाऊ दे ताई. ती तसं म्हणाली नाही. पाणी पिऊन आली, बाटली माझ्यापुढं धरली आणि म्हणाली, "पन तू अशी पाच-पाच वर्षं येत नाही, हे बरोबर नाही. राग धराचा त माणूस समोर पायजे न. मी का पऱ्हाटीवर काढू?"

आल्यापासून हे डोक्यातून जात नाही. परवा सरावाला एका मुलीनं विचारलं, कोच, घर कुठं तुमचं? एरवी मी पटकन इंडिया म्हणून मोकळी होते. त्या दिवशी शिट्टी वाजवली आणि तिला चेंडू आणायला पिटाळलं.

जिनं कोणतीच गोष्ट तीन सेकंदांच्या वर हातात धरली नाही, अशा माझ्यासाठी कोणीतरी इतकी वर्षं राग धरून बसलंय. फेकून दिला नाही, दुसऱ्या कोणाला दिला नाही, बाबांनासुद्धा सांगितला नाही. मला घर म्हणायला आता तिच्या रागातली तेवढीच एक जागा आहे. बूड अजूनही टेकत नाही, खोटं कशाला सांगू. या खोलीच्याही भिंती अंगावर यायला लागल्यात. पण जानेवारीचं तिकीट काढलंय. शेवटचा वेचा तेव्हा असतो. बाबांना खरं सांगायचं आहे, आणि शितलला म्हणायचंय, मी समोर आहे, काढ.