बियाण्याची कणगी
सारवलेल्या सालीचा वास आला की मला लढाईतली ती वर्षं आठवतात, जेव्हा इंग्रज सरकारची माणसं लेव्हीचं, म्हणजे शेतकऱ्याकडून सक्तीने घ्यायचं धान्य न्यायला घरोघर फिरत. आमच्या पारनेरकडच्या घरी बियाण्याची बाजरी सालीच्या कणगीत असे. डोंगरातल्या झाडाची साल एकसंध सोलून वडिलांनी ती केली होती. आई तिचं तोंड शेणामातीने लिंपून टाकी आणि पेरणीलाच फोडी. लपवलेलं धान्य शोधायला आलेल्या कारकुनाला ती म्हणाली, "सायेब, बी हाय त्यात. थांबा, तोंड उघडून दावते." तो थांबला नाही. त्याने लोखंडी सळई सरळ सालीत खुपसली आणि बाजरी भळाभळा सांडू लागली. आईने भोकावर तळहात दाबला. "लेकरू जेवलं का ते बघाया त्याच्या पोटात सळई घालता व्हय?" तो हसून म्हणाला, "बाई, टोपलंच तर आहे!" त्याचा हुकूम मीच घरात वाचून दाखवला होता. त्यात धान्य तपासावं एवढंच होतं, सळई कुठेच नव्हती. शिकलेला मी एकटाच, आणि मीच गप्प राहिलो. परवा आईचं तेरावं झालं. त्या भोकावर तिने मागाहून घातलेल्या लिंपणात तिची चार बोटं अजून उमटलेली आहेत. ती पाहिली की त्या कारकुनाचा येतो तेवढाच मला माझाही राग येतो.