काळजीबाईंचा तिसरा प्रश्न

बुटांच्या त्या कारखान्यात तोंडावर सगळे त्यांना नुसतं ‘बाई’ म्हणायचे आणि पाठीमागे ‘काळजीबाई’. कामाच्या जागी घातक काय आहे ते कामगारांना ओळखायला शिकवायचं, हे त्यांचं काम, आणि बोलणं कुठूनही सुरू झालं तरी ते ‘काळजी घ्या गं बायांनो’वर येऊन थांबायचं. हे नाव बाईंच्या कानावर होतं. “मारा हो काय हाका मारायच्या त्या,” त्या म्हणायच्या, “पण आधी हातमोजे घाला.”

अर्धं आयुष्य त्यांनी स्वतः सोल्यूशनच्या टेबलावर काढलं होतं. सोल्यूशन म्हणजे बुटाचा तळ वरच्या भागाला चिकटवायचा तो पिवळट, दाट गोंद. त्याच्या वाफेने डोकं भणभणायचं, बोटांची सालं निघायची. बाकीच्या बाया निमूट सोसायच्या, या मात्र रोज उठून कटकट करायच्या. शेवटी तेव्हाच्या मॅनेजरचं डोकं उठलं. “एवढं तोंड चालवतेस ना, मग शिकवच सगळ्यांना,” म्हणून त्याने त्यांना कसल्याशा वर्गाला धाडलं आणि परत आल्यावर हातात खडू दिला. झालं! तेव्हापासून दर महिन्याला नवी माणसं, तोच फळा आणि तेच तीन प्रश्न. हे काय आहे? ते अंगात शिरतं कसं? आणि अपाय कुणाकुणाला होईल?

आता खरं सांगायचं तर बाई या सगळ्याला विटल्या होत्या. जीव तोडून शिकवावं, तर शिकलेली माणसं काम सोडून जायची आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. डब्यावरची धोक्याची चित्रं दाखवावीत, तर एखादा टगा हमखास विचारायचा, “बाई, हा छातीत चांदणी फुटलेला माणूस प्रेमात पडलाय का?” वर्गात हशा. पहिल्यांदा बाईही हसल्या होत्या. पण तोच विनोद दर महिन्याला ऐकायचा म्हणजे काय शिक्षा असते, ते त्यांनाच विचारा. “प्रेमात नाही रे बाबा, दवाखान्यात पडलाय,” त्या म्हणायच्या आणि पुढच्या चित्राकडे वळायच्या.

पण खरा शीण या हशाचा नव्हता, तिसऱ्या प्रश्नाचा होता. अपाय कुणाला, याचं एक उत्तर त्या प्रत्येक वर्गाकडून घोकून घ्यायच्या: पोटुशी बाई असेल तर तिला, आणि पोटातल्याला. म्हणून दिवस गेले की लगेच सांगायचं, कारण पहिले तीन महिनेच नाजूक. बाई हे मनापासून सांगायच्या. गेल्या वर्षी दोघींनी ऐकलं आणि येऊन सांगितलं. नियमाप्रमाणे बाईंनी ते वर कळवलं, नियमाप्रमाणे दोघींना सोल्यूशनवरून उठवून पॅकिंगला बसवलं. पॅकिंगचं काम महिन्याच्या बोलीवर. पोट दिसायला लागलं तशी दोघींनाही ‘पुढच्या महिन्यापासून येऊ नका’ म्हणून सांगण्यात आलं. त्यानंतर सोल्यूशनच्या खात्यात कुणाला दिवस गेल्याचं बाईंच्या कानावर आलं नाही. बायांना दिवस जायचे थांबले होते असं थोडंच आहे! तोंडं बंद झाली होती. बाई फळ्यापाशी उभ्या राहून ‘लवकर सांगा’ म्हणायच्या आणि समोर सगळ्या माना खाली घालून ऐकायच्या.

याच खात्यात बाईंची सून होती. मुलगा ट्रकवर, महिन्यातले वीस दिवस बाहेर, त्यामुळे घरात या दोघीच. लोक म्हणायचे, घरीही सासू, कामावरही सासू, बिचारीने जायचं कुठे? पण दोघींचं बरं जमायचं. पहिल्याच दिवशी ठरलं होतं की कारखान्यात नातं आणायचं नाही. फाटकाच्या आत सून त्यांना बाकीच्यांसारखी ‘बाई’ म्हणायची, बाहेर पडली की ‘आई’. सवलत मागायची नाही, द्यायची नाही. बाईंना या गोष्टीचा मनातून अभिमान वाटायचा.

लग्नाला बरीच वर्षं झाली, घरात पाळणा हलला नव्हता. बाई कधी चकार शब्द बोलल्या नाहीत, पण शेजारणीचं नातवंड जिन्यात रडलं की त्यांचा हात पोळपाटावरच थांबायचा. आणि गेल्या महिन्यात त्यांच्या लक्षात आलं. सून सकाळचा चहा गुपचूप मोरीत ओतायची आणि वर ‘प्यायले’ म्हणायची. कारखान्यात तिने आपलं स्टूल सरकवत सरकवत दाराकडे नेलं होतं, तोंडाला एकावर एक दोन फडकी बांधत होती. आता फडक्याने वाफ अडत नाही, हे बाईंनीच तिला शिकवलेलं! बाईंना आनंदाने नाचावंसं वाटलं आणि त्याच क्षणी तो सोल्यूशनचा डबा डोळ्यांपुढे आला.

विचारावं, तर ती ‘हो’ म्हणणार. ‘हो’ म्हटलं की वर कळवणं आलं. कळवलं की पॅकिंग, आणि मग घरी. नाही कळवलं तर रोज त्या सोल्यूशनच्या डब्यासमोर ती बसणार, आणि बाई ते उघड्या डोळ्यांनी पाहणार. रोज रात्री त्या ठरवायच्या, उद्या विचारायचंच. सकाळी सून जेवणाचा डबा भरून पुढ्यात ठेवायची, आणि बाई तो उचलून न विचारताच निघायच्या. ती आपणहून सांगेल, त्या म्हणायच्या. सांगेलच. मध्ये एक दिवस दाढ दुखते म्हणून तिने सुट्टी घेतली, तेव्हा बाईंना वाटलं, डॉक्टरांना दाखवायला गेली असणार. बरं झालं, त्या मनात म्हणाल्या.

त्या महिन्याच्या वर्गात मॅनेजरने नेमकी सुनेलाच पाठवली. प्रत्येक खात्यातलं एक माणूस आपल्या जागेची तपासणी करायला तयार करायचं होतं. माल घेणारे लोक लवकरच पाहणीला येणार होते ना! शेवटचा तास नेहमीप्रमाणे टेबलापाशी. मॅनेजरसाहेब फोटो काढायला हजर. खात्यातल्या बाया हातातलं काम सावकाश करत कान टवकारून बसलेल्या.

“हे काय आहे?” बाईंनी विचारलं.

“सोल्यूशन, बाई. आणि त्या बाटलीत थिनर.”

“अंगात शिरतं कसं?”

“नाकातून. कातडीतून. हात न धुता जेवलं तर तोंडातून.”

“अपाय कुणाला?”

सुनेने आजूबाजूला पाहिलं. “मला. शेजारच्या दोघींना. आणि झाडायला येतात त्या मावशींना सगळ्यांत जास्त. ही वाफ जड असते, जमिनीलगत बसते, आणि त्या वाकून झाडतात.”

मावशींचं बाईंनी कधी शिकवलं नव्हतं. एरवी त्यांनी शाबासकी दिली असती. पण आज त्यांच्या तोंडून नुसतं “आणि?” एवढंच निघालं.

“आणि पोटुशी बाई असेल तर तिला,” सून डब्याकडे बघत म्हणाली. “पोटातल्याला.”

बायांनी हातातले ब्रश खाली ठेवले.

“मग उपाय?”

“तिने लवकर सांगावं,” सून म्हणाली. आवाजात ना राग, ना काही. घोकलेलं उत्तर म्हणतात तसं तिने ते म्हटलं.

बाईंच्या मस्तकात काहीतरी तडकलं. इतकी वर्षं आपण हेच वदवून घेतोय? “नाही,” त्या म्हणाल्या. “चूक. मीच चुकीचं शिकवलं. उपाय बाईने करायचा नसतो, टेबलाचा करायचा असतो. साहेब, फोटो राहू द्या, इकडे या. या टेबलावर वाफ खेचून बाहेर टाकणारा पंखा पाहिजे. मी तीनदा मागितलाय. वाफ टेबलावरच खेचली गेली तर इथे कोण बसलंय, तिच्या पोटात काय आहे, याची चौकशी करायची कुणाला गरज नाही.”

“बाई, ते नंतर बघू...”

“नंतर नाही. पंखा बसत नाही तोवर या खात्याची तपासणी झाली असं मी म्हणणार नाही. पाहणीला येतील त्यांनाही हेच सांगेन. मला काढायचं तर काढा. तसाही वीट आलाय मला!”

मॅनेजर लालबुंद झाला, इकडेतिकडे पाहू लागला, पण पाहणी डोक्यावर होती. शेवटी त्याने तिथूनच वायरमनला बोलावून टेबलाचं माप घ्यायला लावलं. “याच आठवड्यात बसवतो, झालं समाधान?” म्हणाला. कोपऱ्यातली एक म्हातारी कामगारीण नाकातल्या नाकात म्हणाली, “काळजीबाईला आज भूत लागलंय.” बाया हसल्या. बाईंचं मन कित्येक वर्षांत नव्हतं एवढं हलकं झालं होतं.

संध्याकाळी दोघी बरोबर घरी निघाल्या. बाईंना कधी नव्हे ते भराभर बोलावंसं वाटत होतं. वायरमनचं तोंड कसं झालं होतं, साहेबाचा फोटो कसा राहिला, सगळं त्यांनी पुन्हा सांगितलं. सून ‘हं, हं’ करत होती. घराच्या जिन्यात दुसऱ्या वळणावर ती कठड्याला धरून थांबली.

“दमलीस?” बाई म्हणाल्या. “हळू चढ गं. या दिवसांत घाई बरी नव्हे.” आणि मग एकदाचं बोलून टाकलं. “कळलंय मला. कधीचं कळलंय. आता कुणाला काही सांगू नकोस, मीही सांगायची नाही. पंखा बसला की निवांत काम कर.”

सून पायरीवर बसली. “आई, ते राहिलं नाही.”

“म्हणजे?”

“दाढ दुखते म्हटलं होतं ना, त्या दिवशी गेलं.”

बाई खालच्या पायरीवर उभ्याच राहिल्या. जिन्यात कुणाच्या तरी घरातला नळ वाहताना ऐकू येत होता. त्यांनी विचारलं, “डॉक्टर काय म्हणाल्या?”

“कशामुळे ते सांगता येत नाही, म्हणाल्या. होतं असं.”

“तुझ्या नवऱ्याला माहीत आहे?”

“फोनवर सांगितलं. तुम्हाला सांगू नका असं मीच म्हटलं.”

“पण का गं?” बाई एक पायरी वर आल्या. “दिवस गेले तेव्हाच का नाही सांगितलंस मला?”

“सांगितलं असतं तर तुम्हाला कळवावं लागलं असतं. न कळवता राहिला असतात तर उद्या तुमच्यावर आलं असतं. कशाला तुमची पंचाईत, म्हटलं. तीन महिने कसे तरी काढू.”

“अगं, मी आधी तुझी सासू आहे!”

“घरी आहात, आई,” सून म्हणाली. तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता, असता तर बाईंना सोसला असता. “पण मला ज्या वेळी बोलायचं असायचं, तेव्हा आपण फाटकाच्या आत असायचो. आणि घरी आलं की वाटायचं, उद्या तिथे जायचंच आहे.”

बाई तिच्या शेजारी टेकल्या आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून रडायला लागल्या, अगदी लहान मुलासारख्या, आवाज करून. सून त्यांच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. दवाखान्यातून आली त्या दिवशी ती एकटीच या पायऱ्या चढून वर गेली होती, आणि संध्याकाळी तिनेच बाईंना जेवायला वाढलं होतं.

“चला आई,” थोड्या वेळाने ती म्हणाली. “वर जाऊ. मला भूक लागलीय.”