सुतारकाकांचा वस्तरा

ब्लेडवर पैसे कोण उधळणार, म्हणून आमच्या सुतारकाकांनी जुन्या बाजारातून एक गंजका वस्तरा आणला. पटाशीच्या दगडावर त्याला धार लावली, कमरेचा कातडी पट्टा खिडकीच्या गजाला बांधला आणि पँट सुतळीने आवळली.

रोज सकाळी कोवळ्या उन्हात ते पट्ट्यावर वस्तरा फिरवत बसायचे. त्या संथ, सळसळत्या आवाजाने खोलीला पेंग यायची. लाकडाचा भुसा उन्हात तरंगायचा, काकांचे डोळे अर्धे मिटायचे. मग पटाशीची धार बघतात तसा ते वस्तरा हातावरच्या केसांवरून हलकेच ओढायचे. केस अलगद गळायचे. तरी काका पुटपुटायचे, "अजून जरा हवी." तोवर वाटीतला साबणाचा फेस विरून गेलेला असायचा.

दाढी छातीवर रुळायला लागली, तेव्हा काकूंचा पारा चढला.

"अहो, हात बाळाच्या गालासारखे गुळगुळीत झाले! आता तरी तो वस्तरा तोंडाला लावा."

काकांनी स्वप्नातून उठल्यासारखं पाहिलं.

"लावला असता गं. पण हातावर केसच उरले नाहीत. आता धार बघू कशावर?"