पाण्याकडे जाणारा बोळ

आमच्या घरामागे तलाव आहे हे ऐकलं की पाहुणे म्हणतात, "काय मजा आहे बुवा तुमची!" मजा कसली डोंबलाची? डास, पाणी झाकून टाकणारी जलकुंभी आणि आता ह्या जेट्ट्या. जेट्टी म्हणजे बोट बांधायचा ओटा. प्रत्येक बंगल्याच्या मागच्या दारातून पाण्यात एक लोखंडी पायांचा ओटा घुसलेला, त्याला एक बोट बांधलेली, आणि ती बोट वर्षातून कितीदा हलते ते विचारू नका. एकाकडे तर बदकाच्या तोंडाची पेडलबोट आहे. नातवंडं आली की फोटोपुरती.

तरी खरं सांगायचं तर ह्या जेट्ट्यांच्या भांडणात दोन्ही बाजूंना बोलायला तोंड आहे. शेजारचे व्यापारी, ज्यांना सगळी कॉलनी इकडच्या हिंदीत भियाच म्हणते, म्हणजे भाऊ, सोसायटीच्या मीटिंगमध्ये उभे राहिले. "जलकुंभी कौन निकलवाता है? हम. किनारे का कचरा कौन उठवाता है? हम. फिर जेट्टी पे ही सबका पेट क्यों दुखता है?" खोटं नव्हतं. त्यांच्या ओट्यापुढचं पाणी दिसतं तरी. दुसरी बाजू म्हणे काठ सगळ्यांचा आहे. आज ओटा, उद्या कुंपण, परवा 'प्रवेश निषेध'ची पाटी. मी ह्या बाजूची. आणि मी बोलते तेव्हा हळू बोलत नाही. घरात म्हणतात, आईला माईक नको.

गाडी शेवटी एका बोळावर येऊन अडली. आमचं घर आणि भियांचं घर ह्यांच्या मधून एक अरुंद बोळ सरळ पाण्यात उतरतो. सगळ्या काठावर तेवढीच जागा उरली होती, जिथून कोणीही, कोणाला न विचारता, पाण्याला हात लावू शकत होतं. सोसायटीत घाटत असं होतं की बोळ कोणी वापरत नसेल तर दोन्ही घरांनी तो अर्धा अर्धा घ्यावा, पुढे मिळून जेट्टी बांधावी आणि तेवढा काठ साफ ठेवावा. म्हणजे अर्धा आम्हाला. माझा मुलगा तर गुडघ्याला बाशिंग बांधूनच बसला होता.

"आई, सगळ्यांनी बनवून घेतली, आपणच का रुकायचं? त्या गल्लीतून येतं कोण?"

"मी येते," म्हटलं. "आणि त्या बाई येतात."

त्या बाई म्हणजे लांब अन्नपूर्णेच्या देवळाकडे राहणाऱ्या एक निवृत्त शिक्षिका. भाड्याच्या वरच्या मजल्यावर एकट्याच असतात. आमच्यासारख्या त्यांच्याकडेही खड्यांच्या गौरी. भाद्रपदात काठावरून खडे वेचायचे, तेच गौरी म्हणून घरी पुजायचे आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा पाण्यात सोडायचे. खडे हातात घेतल्यापासून घरचा उंबरा ओलांडेपर्यंत एक शब्द बोलायचा नाही. बोललं की ते खडे पाण्यात, आणि पुन्हा पहिल्यापासून. त्या बाई रिक्षाने येत, जाण्याआधी माझ्याशी भरपूर गप्पा मारत आणि परतताना नुसती मान हलवत. रिक्षावाल्याला आधीच बजावलेलं असे, "वापसी में मैं बोलूंगी नहीं, भैया, घर याद रखना." एकदा मला म्हणाल्या, "अहो, हा बोळ आहे म्हणून माझ्या घरात गौर येते. नाहीतर काय गच्चीवरच्या टाकीतून काढू?" हसल्या, पण मला काही ते हसू आवडलं नाही.

गेल्या वर्षी नेमके गौरी आणायच्या दिवशीच सरकारी साहेब जेट्टीच्या परवानगीसाठी काठाची पाहणी करायला आले. दुसरा दिवस मिळाला नाही मेला! मी पोटरीभर पाण्यात उभी, ओच्यात खडे, काठावर नवी सूनबाई घंटा वाजवतेय. बोळातून साहेब, भिया आणि माझा मुलगा असे तिघे उतरले.

"यहाँ से कोई आता-जाता है?" साहेबांनी विचारलं.

"नहीं सर, कोई नहीं," माझा मुलगा म्हणाला. समोर मी. त्याची जन्मदाती!

साहेबांनी माझ्याकडे बोट केलं. "और ये?"

"ये तो मम्मी हैं. घर की हैं."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. गौराबाई, क्षमा कर, म्हटलं मनात, आणि तोंड उघडलं. "घर की हूँ तो क्या गिनती में नहीं हूँ? मैं आती हूँ. मेरी सास आती थीं. अन्नपूर्णा से एक बाईजी आती हैं."

"रोज?"

इथे खोटं बोलता आलं असतं. "साल में दो बार," मी म्हणाले. एकदा आणायला, एकदा सोडायला.

भिया हसले. "दो बार के लिए पूरी गली, माताजी?"

"आपके यहाँ दिवाली कितनी बार आती है?"

साहेबही हसले आणि त्यांनी काहीतरी टिपून घेतलं. मला वाटलं, जिंकली मी. पण सूनबाई पांढरीफटक पडली होती. लग्नानंतरची तिची पहिलीच गौर. "आई, खडे!" एवढंच म्हणाली आणि तिचे डोळे भरले. मी ओच्यातले खडे पाण्यात सोडले, नवे वेचले आणि ओठ मिटले. तिथेच घात झाला.

कारण आता मी बोलणार नाही हे माझ्या मुलाला पक्कं ठाऊक होतं. मुद्दाम केलं की ओघात झालं, मला आजही कळत नाही, आणि विचारायची भीतीही वाटते. तो साहेबांना म्हणाला, "सर, मम्मी का सेंटिमेंट है, हम समझते हैं. गली में गेट लगा देंगे, चाबी हमारे घर रहेगी. जिसको पूजा करनी हो, घंटी बजाए, हम खोल देंगे. क्यों मम्मी?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. शब्द अगदी दातांशी आले होते. विचारून जायचं ती वाट कसली रे, मेल्या? पण सूनबाई घंटा वाजवायची थांबून माझ्या तोंडाकडे बघत होती. मी गप्प राहिले.

"देखिए, माताजी को भी मंजूर है," भिया म्हणाले. साहेबांनी तेही टिपलं.

घरी गौरी पाटावर बसल्या आणि मग मी जो तोंडाचा पट्टा सोडला! पण बैल गेला आणि झोपा केला. मुलगा शांतपणे म्हणाला, "तुझंच तर ठेवलं ना, आई. रस्ता बंद कुठे केला?" पुढे गेट लागलं, जेट्टी झाली, काठही साफ झाला. संध्याकाळी त्या ओट्यावर मीही चहा घेऊन बसते. बरं वाटतं तिथे, हीच तर पंचाईत आहे.

यंदा त्या बाई आल्या. घंटी वाजवली, मुलाने गेट उघडून दिलं. मी आत नैवेद्याच्या भाजीला मेथी निवडत होते, मिक्सर चालू होता. मुलाला फोन आला आणि त्याने सवयीने गेट ओढलं, कुलूप घातलं आणि बोलत बोलत वर गेला. त्या बाई आत पाण्यापाशीच, आणि घंटी गेटाबाहेर, रस्त्याच्या बाजूला.

मी मेथीच्या काड्या टाकायला बाहेर आले तेव्हा त्या गजांच्या पलीकडे उभ्या होत्या. एका हाताने ओच्यातले खडे धरलेले, दुसऱ्या हाताची बांगडी गजावर वाजवत होत्या, अगदी हळू. ऊन थेट तोंडावर. हाक मारता आली असती, नाही मारली त्यांनी. किती वेळ उभ्या होत्या कोण जाणे. मी धावत किल्ली आणून गेट उघडलं. "अहो, माफ करा हो, मला खरंच कळलं नाही," मी म्हणत राहिले. त्या खाली बघत माझ्या अंगावरून निघून गेल्या. ह्या वेळी मानही हलवली नाही.

मला रडू आलं आणि स्वतःच्याच घराचा असा राग आला की काय सांगू. तिसऱ्या दिवशी मी सकाळीच गेट सताड उघडलं आणि बोळात खुर्ची टाकून बसले. ऊन डोक्यावर आलं, उतरलं. त्या आल्याच नाहीत. त्यांच्या गौरी कुठल्या पाण्यात गेल्या, मला माहीत नाही. फोन नंबर आहे माझ्याकडे, पण लावायला तोंड नाही.