बाबांच्या पायावरची निळी रेघ

राज्यातला एकही घातक जंतू आमच्या नजरेतून सुटत नाही, असं मी तेव्हा प्रामाणिकपणे मानत असे. नव्या रायपुरात, जिथे रस्ते रुंद आणि माणसं कमी, तिथे आमचं ऑफिस. जंतू कुणाच्या रक्तात किंवा मांसात खोल शिरला की दवाखान्याने आम्हाला फॉर्म पाठवायचा, म्हणजे साथ कुठे उठतेय ते वेळेत कळतं. भिंतीवर मोठा नकाशा होता. पाहुणे आले की आम्ही त्याच्यासमोर उभे राहून गंभीर होत असू.

इकडे जुन्या रायपुरात, गुढियारीच्या आमच्या घरी बाबांच्या पोटरीला पत्रा लागला. रेल्वेतून निवृत्त झालेला माणूस. हळद लावून त्यांनी प्रकरण बंद केलं. तिसऱ्या दिवशी सकाळी पाय लालभडक, अंगात कणकण. आई ब्लाउज शिवते. तिने बॉलपेन घेतलं आणि लालीच्या कडेकडेने रेघ ओढली.

“काहून वो, माह्या पायाचा ब्लाउज शिवून राहिली का?”

“गप बसा. लाली आत राहिली तं चहा, बाहेर गेली तं दवाखाना.”

दुपारी लाली दोन बोटं बाहेर होती आणि चादर लागली तरी बाबा ओरडत होते. तरी त्यांचं म्हणणं एकच, रेघच मुळात आत ओढली. मी तज्ज्ञ म्हणून मध्ये पडलो.

“सोमवारपर्यंत निरीक्षण ठेवू.”

“निरीक्षण तू ठेव,” आई म्हणाली. “मी ऑटो आणते.”

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी आधी रेघ पाहिली. “ये किसने खींची? कब?”

“सुबह नौ बजे. नल जाने के बाद,” आईने सांगितलं.

बाबांना थेट ऑपरेशनला नेलं. रात्रभर थांबलो असतो तर पाय गेला असता, कदाचित बाबाही, असं बाई नंतर म्हणाल्या. जंतू रक्तात पोचला होता. महिन्याभराने बाबा, तिथल्या चहाला नावं ठेवत, काठी टेकत घरी आले.

दवाखान्यातून निघताना तिथल्या कारकून बाबूने माझ्या हातात बाबांच्या जंतूचा फॉर्म दिला. “भैया, आप तो रोज नवा रायपुर जाते हो, लेते जाइए.” मी तो अभिमानाने घेतला.

त्या महिन्याच्या अहवालात रायपूरसमोर शून्य होतं. खाली सही माझी. फॉर्म डब्याच्या पिशवीत तळाशी होता. आईने पिशवी धुवायला काढली, तेव्हा सापडला.